पटेल शॉट

कॅमेरा वर धरून खाली बघितलं की फिल्म स्कूलच्या भाषेत तो हाय अँगल. पस्तापूरच्या बायका त्याला ‘पटेल शॉट’ म्हणतात. गावचा पटेल असाच बघतो, वरून, खाली उभ्या असलेल्या माणसाकडे. कॅमेरा जमिनीलगत ठेवून वर बघितलं तर तो गुलामाचा शॉट. आणि कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या रेषेत असला तर तो ‘संघम शॉट’, कारण संघमच्या बैठकीत कुणी कुणाच्या वर बसत नाही.

पस्तापूर तेलंगणात आहे, जहीराबादजवळ. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून या भागात काम करते. तिचे ‘संघम’ म्हणजे गावोगावचे बायकांचे गट. बहुतेक जणी दलित, जमिनीचा तुकडा लहान, पीक ज्वारी-बाजरी-राळ्याचं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस यातल्या काही जणींच्या हातात व्हिडिओ कॅमेरा देऊन त्यांना शिकवायला सुरुवात झाली. त्यातल्या बऱ्याच जणी शाळेत गेलेल्या नव्हत्या. संस्थेचे पी. व्ही. सतीश (मार्च २०२३ मध्ये ते गेले) आधी दूरदर्शनमध्ये निर्माते होते, त्यामुळे कॅमेरा म्हणजे काय प्रकरण असतं आणि तो नेहमी कुणाच्या हातात असतो हे त्यांना आतून ठाऊक होतं. पुढे या बायकांचा कम्युनिटी मीडिया ट्रस्ट झाला, २००८ मध्ये त्यांचा स्वतःचा संघम रेडिओ सुरू झाला. पण माझं लक्ष त्या तीन नावांवरच अडकून राहतं.

मराठी माणसाला ‘पटेल शॉट’ समजावून सांगावा लागत नाही. तेलंगणा आणि मराठवाडा एकाच निजामाच्या राज्यात होते. तिकडचा पटेल आणि आपला पाटील यांत फरक फार तर उच्चाराचा. वाड्याच्या ओट्यावर बसलेला माणूस आणि खाली अंगणात हातातली टोपी चुरगाळत उभा असलेला माणूस, हे चित्र आपल्या कथा-कादंबऱ्यांत, तमाशापटांत आणि काहींच्या घरच्या आठवणींत पण आहे. ते ओट्यावरून घेतलं की अंगणातून, हा प्रश्न मात्र मी आपल्याकडच्या एकाही फिल्म-कार्यशाळेत विचारलेला ऐकला नाही.

पाठ्यपुस्तक काय सांगतं? हाय अँगलमध्ये माणूस दुबळा दिसतो, लो अँगलमध्ये ताकदवान. हे खोटं नाही. पण या व्याख्येत बघणारा गायब आहे. माणूस दुबळा ‘दिसतो’ म्हणजे कुणाला दिसतो? जणू कॅमेरा कुणाच्याच हातात नाही, तो हवेत तरंगतोय आणि उंची बदलली की अर्थ आपोआप बदलतो. पस्तापूरच्या नावात बघणाऱ्याची जागा ठरलेली आहे. ‘पटेल शॉट लाव’ असं एखादी म्हणते तेव्हा ती सहकारणीला सांगत असते की आता काही क्षण तू पटेल हो. आणि मग दुसरी विचारू शकते, का होऊ? तांत्रिक शब्दातच वादाची सोय आहे. ‘हाय अँगल लाव’ म्हटल्यावर वाद फार तर स्टँडच्या उंचीवरून होईल.

आता आपल्याकडे या. गेल्या काही वर्षांत जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावांत फिल्ममेकिंगच्या कार्यशाळांचं पीक आलंय, आणि ते चांगलंच आहे. पुण्याच्या एफटीआयआयनेसुद्धा २०१७ पासून छोटे अभ्यासक्रम देशभरच्या शहरांत नेले. त्याखेरीज कॉलेजांचे मास मीडिया विभाग, वाचनालयं, फिल्म सोसायट्या, गणेश मंडळं, स्थानिक कलाकार. शनिवार-रविवार, सकाळी दहा ते पाच, सोबत चहा-पोहे, शेवटी प्रमाणपत्र. मी अशा चार-पाच कार्यशाळांना मागच्या रांगेत बसलोय. फी परवडते, मुलं-मुली खरोखर उत्सुक असतात, शिकवणारा बहुतेक वेळा प्रामाणिक असतो आणि घरचं पेट्रोल जाळून आलेला असतो. तरी शेवटच्या दिवशी ज्या फिल्म दाखवल्या जातात त्या एकाच आईची लेकरं वाटतात. एकीत मोबाईलवेडा मुलगा आणि खोल्यांमध्ये एकटे बसलेले आईबाप. दुसरीत शेतकरी, विहीर, दोर, आकाशाकडे बघणारा चेहरा. तिसरीत झाड तोडायला आलेला माणूस आणि त्याला अडवणारी छोटी मुलगी. मागे बासरी. शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत संदेश.

याचं खापर मुलांवर फोडण्यात अर्थ नाही. दोन दिवसांत त्यांना शिकवलेलं असतं ते असं: शॉटचे प्रकार, चौकटीचे नऊ भाग, तीन अंकी पटकथा, फोनमध्ये एक्स्पोजर लॉक कसं करायचं, एडिटिंगचं फुकट अॅप. हे सगळं फोनवरच शोधलं तर दोन संध्याकाळी पुरतात, आणि तिथे शिकवणारे बरेचदा जास्त सफाईने शिकवतात. मग वीस माणसांनी एका खोलीत येऊन काय करायचं? एका गावातली माणसं एकत्र बसली आहेत याचा काहीच उपयोग या अभ्यासक्रमाला नसतो. तो नागपूरला, सावंतवाडीला आणि न्यू जर्सीच्या मराठी मंडळात जसाच्या तसा चालतो. शेतकऱ्याची फिल्म करणाऱ्या गटात निम्मी मुलं शेतकऱ्यांची असतात आणि तरी पडद्यावरचा शेतकरी हिंदी सिनेमातून आलेला असतो. तो कधी बियाण्याची पिशवी उघडताना दिसत नाही, पिशवीवरचं काही वाचत नाही, दुकानदाराशी उधारीवर बोलत नाही.

पस्तापूरच्या बायकांनी बियाण्याची पिशवी उघडली होती. मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पहिल्याच हंगामात त्या वरंगळच्या शेतकऱ्यांकडे कॅमेरा घेऊन गेल्या. एकदा जाऊन बाईट घेऊन परत आल्या नाहीत. हंगामभर त्याच शेतांवर पुन्हा पुन्हा गेल्या. २००३ च्या त्या फिल्मचं नाव ‘व्हाय आर वरंगळ फार्मर्स अँग्री विथ बीटी कॉटन?’ पुढे २००७ मध्ये त्याच विषयावर त्या माली, दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया, थायलंडपर्यंत जाऊन शूटिंग करून आल्या.

ती फिल्म महान आहे असं मी म्हणणार नाही. नावातल्या प्रश्नाचं उत्तर फिल्म सुरू होण्याआधीच ठरलेलं आहे, आणि संस्थेची भूमिका कुठे संपते नि शेतकऱ्याचं म्हणणं कुठे सुरू होतं हे काही ठिकाणी कळत नाही. कम्युनिटी व्हिडिओचा हा जुना आजार आहे: कॅमेरा लोकांच्या हातात, पण वाक्य संस्थेच्या अहवालातलं. विदर्भातल्या ज्या शेतकऱ्यांनी बीटी आवडीने लावलं, त्यांच्याशी या फिल्मला बोलता आलं नसतं. तरीही तिच्यात एक गोष्ट आहे जी आपल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत शक्यच नाही. वेळ. पेरताना आशेने बोलणारा माणूस काही महिन्यांनी त्याच बांधावर वेगळा उभा असतो, त्याचे खांदे वेगळे असतात. बासरी लागत नाही. आणि कॅमेरा धरणारी बाई स्वतः शेतकरी असल्यामुळे तिला बोंडाकडे कधी बघायचं हे कळतं.

शिकणं म्हटलं की मराठी वाचकाला मालेगाव आठवणारच, आणि आठवायलाही हवं. तिथे कार्यशाळा नव्हती, व्हिडिओ पार्लर होतं. शेख नासिरने ते चालवता चालवता इतरांचे सिनेमे कापत-जोडत एडिटिंगची नस पकडली आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या दोस्तांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला. फैज़ा अहमद खानची ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ही डॉक्युमेंटरी (२००८ ची, थिएटरात २०१२ मध्ये आली) बघताना मला दर वेळी वाटतं की ही भारतातली सर्वांत चांगली फिल्म-कार्यशाळा आहे, फक्त ती कुणी आयोजित केलेली नाही. सायकलवर कॅमेरामन बसवून ट्रॅकिंग शॉट. बैलगाडीचा क्रेन. उडणारा सुपरमॅन करायला हिरवं कापड कुठून आणायचं, लटकवायचं कशाला. सुपरमॅन झालेला शफीक मागावरचा कामगार; शूटिंगच्या मधेच त्याचं लग्न लागतं, कामं थांबतात. प्रत्येक अडचण सोडवताना एक तांत्रिक गोष्ट शिकली जाते आणि ती का हवी हे आधी कळलेलं असतं. क्रेनची गरज पडली म्हणून बैलगाडी आली. आपल्या कार्यशाळेत आधी क्रेनची स्लाइड येते.

रीमा कागतीची ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ फेब्रुवारी २०२५ मध्ये थिएटरात आली. वरुण ग्रोवरने लिहिलेली आहे, आदर्श गौरव नासिर झालाय, विनीत कुमार सिंगचा फरोग़ तर डोळ्यांसमोरून हलत नाही. मला आवडली. पण दोन्ही लागोपाठ बघा, कारण फरक शिकण्याजोगा आहे. कथापटाला दोस्तीची गोष्ट सांगायची आहे: एकत्र येणं, फाटाफूट, आजारपण, पुन्हा एकत्र येणं. त्यामुळे शिकण्याची झटापट गाण्यासारखी भराभर निघून जाते. डॉक्युमेंटरीत ती झटापट हाच वेळ आहे. माणसं उभी आहेत, वाट बघताहेत, काहीतरी बिनसलंय, कुणीतरी काहीतरी सुचवतंय. नवख्याला हिंमत कथापट देईल. काम कसं चालतं हे डॉक्युमेंटरीतच दिसेल.

दोन्हींत एक मोठी रिकामी जागा आहे आणि ती मालेगावचीही आहे. बायका. मालेगावच्या सिनेमांत हिरोइन बाहेरून आणावी लागते, गावातली मुलगी कॅमेऱ्यासमोर येत नाही, कॅमेऱ्यामागे येण्याचा तर विषयच नाही. व्हिडिओ पार्लर ही मुलांची शाळा होती. पार्लरच्या पडद्यासमोर बसायला मिळालं तेच शिकले. ‘स्वतःच शिकला’ असं आपण कौतुकाने म्हणतो तेव्हा त्याला रात्री दहानंतर घराबाहेर राहता येत होतं, हे आपण मोजत नाही.

म्हणून मुद्दाम भरवलेल्या कार्यशाळेला पर्याय नाही, असं माझं मत आहे. अहमदाबादला १९८४ साली इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेत अशी एक झाली. न्यूयॉर्कच्या मार्था स्टुअर्ट यांनी तीन आठवडे शिकवलं. शिकणाऱ्या वीसेक जणी, त्यात भाजी विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या, कार्यालयात काम करणाऱ्या, बऱ्याच निरक्षर. यंत्रावरची बटणं इंग्रजीत. त्यांनी ती अक्षरांवरून ओळखायच्या ऐवजी खुणांवरून आणि जागेवरून लक्षात ठेवली. तेलाच्या बुधल्या घरात कुणी लेबल वाचून ओळखतं का? त्यातून ‘व्हिडिओ सेवा’ उभी राहिली आणि माणेक चौकातल्या भाजीवाल्यांचं जगणं भाजीवालीनेच शूट केलं. तीन आठवडे आणि दोन दिवस यांतला फरक मोठा आहेच. पण त्याहून मोठा फरक असा की या बायका आधीपासून एका संघटनेत होत्या. त्यांना बाजारातल्या जागेचा झगडा होता, आणि व्हिडिओ कुणाला दाखवायचा हे कॅमेरा हातात येण्याआधी माहीत होतं. आपल्या कार्यशाळेतली फिल्म दाखवायची कुणाला? परीक्षकांना. मग यूट्यूबला.

नागराज मंजुळेचं नाव इथे येणारच. ‘पिस्तुल्या’ हा लघुपट त्याने तेव्हाच्या अहमदनगरात कम्युनिकेशन स्टडीज शिकताना केला, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कार्यशाळांच्या पहिल्या सत्रात हे उदाहरण हमखास असतं: बघा, नगरमध्ये शिकून इथपर्यंत! उदाहरण खरं आहे, निष्कर्ष घाईचा. ‘फँड्री’च्या शेवटी जब्या जो दगड भिरकावतो तो थेट आपल्या दिशेने येतो. सिनेमाभर आपण डुकराच्या मागे धावणाऱ्या कुटुंबाकडे बघत होतो, गावातले लोकही बघत होते, हसत होते. त्या शेवटच्या शॉटमध्ये बघणाऱ्याची जागा उघडी पडते. पस्तापूरच्या भाषेत सांगायचं तर आपण इतका वेळ पटेल शॉटमध्ये बसलो होतो आणि ते जब्याला कळलं. हे चौकटीच्या नऊ भागांतून येत नाही. पण हे शिकवताच येत नाही, असंही मी मानत नाही. कॅमेरा कुठे ठेवला आणि का, हा प्रश्न रोज, प्रत्येक शॉटला, सगळ्यांसमोर विचारला तर त्याची सवय लागते.

त्या प्रश्नाची दुसरी बाजू जास्त अवघड आहे: ज्याच्याकडे बघितलं त्याला काही बोलता येतं का? हाही नवा प्रश्न नाही. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डने १९६७ मध्ये न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर वीसहून अधिक छोट्या फिल्म केल्या. बेटावरच्या मच्छीमारांना तिथून हलवण्याचं सरकारच्या मनात होतं. दिग्दर्शक कॉलिन लो यांनी चित्रित केलेलं आधी ज्याचं त्याला दाखवलं, त्याच्या संमतीनेच ते पुढे गेलं, मग बेटावरच्या एका वस्तीचं म्हणणं दुसऱ्या वस्तीला दाखवलं. एकमेकांशी न बोलणारी माणसं पडद्यावर एकमेकांचं ऐकू लागली. ‘फोगो प्रोसेस’ म्हणून हे जगभर शिकवलं जातं. आपल्या कार्यशाळांच्या वेळापत्रकात ‘स्क्रीनिंग’ असतं, ते शेवटच्या दिवशी पाच वाजता, सभागृहात, पाहुण्यांच्या हस्ते. ज्यांचं शूटिंग केलं ते त्या वेळी कामावर असतात.

सोलापुरातल्या एका कार्यशाळेत एका मुलीने तिच्या आजीची फिल्म केली. आजी विड्या वळते. मांडीवर सूप, पत्र्याच्या मापावर पान धरून कात्रीने कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर. मुलीने फोन सुपाच्या उंचीवर ठेवला होता, कारण ती स्वतः आजीसमोर जमिनीवर बसली होती. शिकवणाऱ्याने सांगितलं, वरून घेतलं असतं तर सूप गोल दिसलं असतं, जास्त सुंदर. सोलापूरच्या विडी कामगारांत तेलुगू बोलणाऱ्या खूप, आजीही त्यातलीच, आणि मला त्या क्षणी वाटलं की हिला पस्तापूरच्या फिल्म दाखवल्या तर सबटायटल लागणार नाहीत.

त्या सहा मिनिटांत एक शॉट होता. शेजारची आठ-नऊ वर्षांची मुलगी येऊन बसते आणि वळलेल्या विड्यांची तोंडं पटापट दुमडू लागते. कुणी सांगितलेलं नसतं. तिची बोटं आजीपेक्षा वेगात चालतात आणि ती खिडकीबाहेर बघत असते. दोन दिवसांत बनलेल्या सगळ्या फिल्ममध्ये मला आवडलेला तो एकमेव शॉट. परीक्षकांनाही तोच आवडला, पहिलं बक्षीस त्याच्यावरच मिळालं.

मुलीने घरी जाऊन फोनवर आजीला फिल्म दाखवली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आजीने स्वतःला बघून घेतलं, आवाज कमी का येतो विचारलं, आणि तो शॉट आला तेव्हा म्हणाली की पोरीचं तोंड काढ. कारखान्यातल्या कुणी बघितलं, कुणी तक्रार केली तर हिच्या आईचं काम जाईल. शाळेतही जाते ती, पण ते तुझ्या फिल्ममध्ये कुठे आहे?

मुलीने शॉट काढून टाकला. मला तिने ती नवी आवृत्ती पाठवली. पाच मिनिटांची आहे, आणि खरं सांगायचं तर पहिलीइतकी चांगली नाही. मी तिला विचारलं की नुसती बोटं ठेवता आली असती का, चेहऱ्याशिवाय. ती म्हणाली, ‘विचारलं होतं. आजी म्हणाली, बोटंपण ओळखतात.’

आयोजकांना तिने दोनदा मेसेज केला. त्यांच्या चॅनलवर जुनीच फिल्म आहे, आणि थंबनेलला त्या शेजारच्या मुलीचा चेहरा आहे.